चित्र मुलाचंच राहू द्या: पाच ते सोळा वयाच्या मुलांना प्रत्यक्ष कला कशी शिकवावी

सहा वर्षांची एक मुलगी मातीचा हत्ती करत होती. अंग जड, पाय काड्यांसारखे, त्यामुळे हत्ती उभा केला की बसायचा. तास संपत आला होता, म्हणून मी तो हातात घेतला, पाय जाड केले, सोंडेला बाक दिला आणि तिच्यापुढे उभा करून ठेवला. तिनं त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं, तळहातानं दाबून तो सपाट केला आणि त्याच मातीचा साप वळायला घेतला. सापाला पाय लागत नाहीत. अडचण तिची होती आणि तिनंच ती सोडवली. मी मात्र मध्ये घुसून तिचा हत्ती घालवला होता.

त्यानंतर मी एक नियम पाळत आले आहे. मुलाच्या कागदावर किंवा मातीवर माझा हात जायचा नाही. काही दाखवायचं असेल तर शेजारी माझा वेगळा कागद, माझा वेगळा गोळा. साहित्य कोणतं, किती, कोणत्या बंधनात आणि किती वेळ, हे सगळं शिक्षकानं ठरवावं आणि ठामपणे ठरवावं. चित्र कसं दिसेल ते मुलानं ठरवावं. पुढे जे सांगते आहे ते सगळं याच वाटणीवर उभं आहे.

आधी खोली लावा

नवे कलाशिक्षक विषयाची भरपूर तयारी करून येतात आणि तास बिघडतो तो पाणी, फडकी आणि ओल्या कागदांमुळे. म्हणून सुरुवात इथून.

४० मिनिटांचा तास असेल तर मी तो असा वाटते: ५ मिनिटं दाखवणं, २५ मिनिटं काम, ७ मिनिटं आवराआवर, ३ मिनिटं एकमेकांचं काम पाहणं. आवरायला ७ मिनिटं जास्त वाटतात, पण ती कमी केली की पुढच्या वर्गाला ओली टेबलं आणि रंग वाळून दगड झालेले ब्रश मिळतात. रंगकामाला शक्यतो जोडतास मागून घ्या. एकेरी तास रेखाटनासाठी ठेवा.

साहित्य टेबलावर नको, एका जागी ठेवा, आणि ते आणायला प्रत्येक टेबलावरून एकच मूल उठेल असं ठरवा. कोण उठणार हे दर आठवड्याला बदला. पाण्याची भांडी रुंद बुडाची हवीत आणि अर्धीच भरायची. दर दोन मुलांमागे एक जुनं सुती फडकं. या फडक्याचं महत्त्व फार आहे. ब्रश धुतल्यावर तो फडक्याला टेकवायची सवय लागली नाही तर प्रत्येक रंगात पाणी शिरतं आणि वर्षभर पचपचीत चित्रं येतात.

ब्रश पाण्यात उभे सोडू नका, केस वाकतात ते पुन्हा सरळ होत नाहीत. धुवून केसांना बोटांनी आकार द्या, आधी आडवे ठेवून सुकू द्या आणि मगच केस वर करून भांड्यात उभे ठेवा.

कागदाच्या वजनाकडेही लक्ष हवं. छपाईचा साधा ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद पेन्सिल आणि तेलखडूला चालतो. पोस्टर रंगाला १३० ते १५० जीएसएम हवा. जलरंगाचा ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, द्यायचा असेल तर २०० च्या खाली जाऊ नका. ३०० जीएसएमचा कागद फारसा सुरकुतत नाही, त्याहून पातळ असेल तर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पाटाला लावून घ्या. पातळ कागदावर जलरंग दिला आणि कागद गोळा झाला की मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही. खरं तर कागदाला जमलेलं नसतं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. शाळेत रंग बिनविषारी खूण असलेलेच घ्या. भुकटीचे रंग, टर्पेंटाइन आणि चित्र पुसू नये म्हणून फवारायचं फिक्सेटिव्ह बंद खोलीत नको. कात्र्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. धारदार कटर १२ वर्षांच्या आत कुणाच्याच हातात नको, आणि नंतरही एका वेळी दोन-तीन मुलांनाच, तुमच्या शेजारी उभं राहून.

वयाचा अंदाज घ्या, पण त्यात मुलाला कोंबू नका

व्हिएन्नामध्ये अंध आणि अधू दृष्टीच्या मुलांना कला शिकवलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रवाढीचे टप्पे मांडले. साधारण २ ते ४ वर्षं गिरगोट्या. ४ ते ७ या काळात डोकं आणि त्यातूनच निघालेले हातपाय. ७ ते ९ या काळात ठरलेल्या खुणा: खाली जमिनीची रेघ, वर आकाशाची पट्टी, प्रत्येक घर तसंच, प्रत्येक झाड तसंच. साधारण ९ च्या पुढे 'खऱ्यासारखं' काढायची ओढ लागते आणि किशोरवयाच्या तोंडाशी मूल स्वतःच्या चित्राचं सगळ्यांत कठोर परीक्षक होतं.

ही वयं पक्की नाहीत. एकाच वर्गात दोन टप्पे सहज भेटतात. पण एक गोष्ट यातून घ्यावी: जमिनीची रेघ काढणारं मूल चुकत नसतं. आईचं पोट पारदर्शक दाखवून आतलं बाळ काढणारं मूलही चुकत नसतं. त्याला जे माहीत आहे ते त्यानं काढलेलं असतं. त्याला दूर-जवळचे नियम शिकवायला गेलात तर ते तुमची रेघ गिरवेल आणि स्वतःची सोडून देईल.

५ ते ७ वर्षं: मोठे ब्रश, थोडे रंग, भरपूर माती

या वयात हालचाल खांद्यातून आणि कोपरातून येते, बोटांतून कमी. म्हणून कागद मोठा हवा, ब्रश १० किंवा १२ नंबरचा चपटा आणि राठ केसांचा हवा, आणि जमलं तर काम उभ्यानं व्हावं. लहान चौकोनात रंग भरण्याची तयार पुस्तकं मी वापरत नाही. त्यातून रेघेच्या आत राहण्याचा सराव होतो, चित्राचा होत नाही.

रंग दोनच द्या. पहिल्या तासाला पिवळा आणि निळा. त्यांना हिरवा 'सापडू' द्या, आधी सांगू नका. पुढच्या तासाला लाल आणि पिवळा. तीनही एकदम दिलेत तर १० मिनिटांत सगळ्यांच्या कागदावर तपकिरी चिखल होतो.

विषय देताना नाम नको, घटना द्या. 'झाड काढा' म्हटलं की तेच ठरलेलं झाड येतं. 'जोराचा वारा सुटलाय आणि तुम्ही झाडाला धरून उभे आहात' म्हटलं की झाड वाकतं, हात लांब होतात, केस उडतात. दाखवायचं असेल तर स्वतः वाऱ्यात उभं राहिल्यासारखं करून दाखवा, मुलांना करायला लावा, आणि मग कागद वाटा. फळ्यावर चित्र काढून दाखवू नका. काढलंत तर वर्गात तीस वेळा तुमचंच झाड उगवेल.

मातीकाम नीट करायचं तर

मातीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक शाळांत ती पसाऱ्याच्या भीतीनं टाळली जाते. मातीत चूक मोडता येते, पुन्हा करता येते, आणि कागदावर बुजणारी मुलं इथे मोकळी होतात.

माती आदल्या दिवशीच तयार ठेवा. बोटाला चिकटत नाही आणि वळवल्यावर चिरत नाही, इतपत ओल हवी. एक वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहा. तडे गेले तर थोडं पाणी शिंपडून पुन्हा मळा, बोटांवर लगदा राहिला तर जुन्या सुती कापडावर पसरून थोडी सुकवा. प्रत्येक मुलाला दोन्ही मुठींत मावेल एवढा गोळा पुरतो. गोळे ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले की आठवडे टिकतात.

मुलांसमोर पाण्याची वाटी ठेवू नका. लहान मुलं पाणी लावत जातात आणि वस्तू ढासळते. टेबलामागे एक ओला स्पंज पुरे.

वयानुसार पायऱ्या अशा:

५ ते ७ वर्षांना गोळ्यातूनच ओढून, चिमटून आकार काढायला शिकवा. चिकटवलेले पाय आणि कान सुकताना गळतात. गोळ्यातून ओढलेले राहतात. त्या हत्तीच्या वेळी मी एवढंच सांगायला हवं होतं, की पाय पोटातून ओढून काढता येतात का बघ. किंवा विचारायला हवं होतं, की हा हत्ती दमून बसला असेल तर कसा दिसेल.

८ ते १० वर्षांना अंगठा घालून वाटी करू द्या. गोळा तळहातावर धरायचा, अंगठा मधोमध तळाच्या १ सेंटीमीटर अलीकडेपर्यंत घालायचा, आणि अंगठा व बोटांमध्ये कड हलकेच दाबत गोळा फिरवत राहायचं. मुलं एकाच जागी दाबत बसतात, म्हणून 'दाब, फिरव, दाब, फिरव' असं मोठ्यानं म्हणायला लावते. मग जोडकाम: दोन्ही बाजूंना काडीनं आडवेउभे ओरखडे, त्यावर माती पाण्यात कालवून केलेला दाट चिखल, दाबून थोडं हलवायचं आणि सांधा बोटानं लिंपून टाकायचा. ओरखडे आणि चिखल यांतलं एकही वगळलं तर सांधा सुकताना सुटतो.

११ च्या पुढे वळ्यांवर वळ्या चढवून उंच घाट घडवता येतो, किंवा सारख्या जाडीच्या दोन पट्ट्यांमध्ये माती ठेवून लाटून सपाट तुकडे कापता येतात. तुकडे थोडे आवळले, पण बोटाचा ठसा अजून उमटतोय, अशा वेळी जोडा. फार ओले असताना उभे राहत नाहीत.

१३ च्या पुढे डोळे बांधून चेहरा. आधी स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवायचा, मग मातीवर. कपाळाचा उंचवटा, डोळ्यांच्या खोबणी, ओठांखालचा खळगा, हे डोळ्यांनी पाहताना निसटलेलं बोटांना सापडतं. नीटस चित्र काढायचा ताण ज्यांना सगळ्यांत जास्त असतो त्यांना हा तास सोडवतो.

सुकवणं सावकाश व्हायला हवं. पहिले दोन दिवस वरून सैल प्लास्टिक, मग उघडं, उन्हात किंवा पंख्याखाली नाही. पातळ भाग आधी सुकतो, आक्रसतो आणि जाड भागापासून फाटतो. म्हणून जाडी सगळीकडे सारखी, साधारण १ सेंटीमीटर. जाड मूर्ती असेल तर अर्धवट सुकल्यावर खालून कोरून पोकळ करायची. भट्टी उपलब्ध असेल तर वस्तू पूर्ण कोरडी झाल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. भट्टीत वस्तू फुटली की हवेच्या बुडबुड्याला दोष देतात, पण फोडते ती आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ. गालाला लावून पाहा. गार लागली तर अजून ओल आहे. पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला होते, आणि ती मुलांचं काम नाही.

मातीचे हात थेट नळाखाली धुवायचे नाहीत. पहिली बादली, दुसरी बादली, आणि नळ शेवटी. बादल्या रात्रभर ठेवल्या की माती तळाशी बसते, वरचं पाणी ओतून ती पुन्हा वापरता येते. सुकी माती झाडू नका. तिची बारीक धूळ छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसा.

८ ते १० वर्षं: बारा हिरवे

या वयाच्या मुलांना कृतीची कसोटी आवडते. त्यांच्यासाठी माझा सगळ्यांत भरवशाचा तास म्हणजे 'बारा हिरवे'.

हिरव्या रंगाची ट्यूब कपाटात बंद ठेवायची. प्रत्येक जोडीला लिंबू पिवळा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, अल्ट्रामरीन निळा, प्रशियन निळा आणि पांढरा. कागदावर बारा चौकोन. बारा हिरवे रंग करायचे, कोणतेही दोन सारखे नकोत.

पहिल्या ५ मिनिटांत हमखास एक गोष्ट घडते. मुलं पॅलेटवर निळा घेतात आणि त्यात पिवळा ओततात. निळा हटत नाही, पिवळा संपतो. तेव्हा थांबवा आणि तुमच्या कागदावर दाखवा: आधी पिवळा, मग ब्रशच्या टोकावर मोहरीएवढा निळा. गडद रंग फिक्यात घालायचा. हा धडा एकदा हातात बसला की आयुष्यभर रंग वाचतो.

मग त्यांना फरक दिसू लागतात. लिंबू पिवळ्यात प्रशियन घातला की कोवळ्या पानाचा झगझगीत हिरवा येतो. तोच पिवळा अल्ट्रामरीनमध्ये गेला की हिरवा थोडा मंदावतो, कारण अल्ट्रामरीनमध्ये लालसर झाक असते. ऑकरनं जुन्या शेवाळ्यासारखा रंग येतो. आठ हिरव्यांनंतर मुलं अडतात. इथे मदत करू नका. कुणीतरी चिमूटभर लाल मागून घेईल, घालून पाहील आणि 'सुकलेल्या पानाचा' म्हणून ओरडेल. मग प्रत्येक चौकोनाखाली त्या हिरव्याला नाव लिहायचं, मुलांनीच दिलेलं.

पुढच्या तासाला जांभळा. शेंदरी लाल आणि प्रशियन निळा मिसळून मळकट तपकिरी येतो, क्रिमसन, म्हणजे निळसर झाकेचा गडद लाल, आणि अल्ट्रामरीन मिसळून स्वच्छ जांभळा येतो. कारण मुलांना सांगता येतं: शेंदरी लालात पिवळा लपलेला असतो आणि तीनही मूळ रंग एकत्र आले की रंग मळतो.

वर्गात एखाद्या मुलाला लाल-हिरव्यातला भेद दिसत नसण्याची शक्यता धरून चाला. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे बरंच जास्त आढळतं. म्हणून ट्यूब आणि वाट्यांवर रंगाचं नाव लिहून ठेवा, म्हणजे त्याला दर वेळी शेजाऱ्याला विचारावं लागत नाही.

याच वयात घासचित्र करून घ्या. पातळ कागद पोत असलेल्या वस्तूवर ठेवायचा आणि तेलखडू आडवा धरून घासायचा. मॅक्स अर्न्स्ट या चित्रकारानं १९२५ साली लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून असं घासकाम सुरू केलं आणि त्या पोतांतून जंगलं, पक्षी, प्राणी काढले. मुलांनाही तेच करायला सांगा: घासून आलेल्या पोतात आधी काहीतरी शोधा, मग कापा, मग चिकटवा. नुसते पोत गोळा करून थांबलात तर तास अर्धाच राहतो.

११ ते १३ वर्षं: 'मला येत नाही'

कलाशिक्षकाची खरी गरज या वयात लागते. काल भरभरून काढणारं मूल आज कागदावर हात आडवा ठेवून बसतं, खोडरबरानं कागद फाटेपर्यंत खोडतं, आणि मोठ्यानं सांगतं की मला चित्रकला येत नाही. त्याला आता दिसायला लागलेलं असतं, पण हात अजून मागे असतो. या दोन-तीन वर्षांत कुणी मदत केली नाही तर पुष्कळ जण चित्रं काढणं कायमचं सोडतात. या वयाला 'छान आहे, काढत राहा' म्हणून भागत नाही. त्याला छान नाही हे दिसत असतं. त्याला पाहण्याची रीत शिकवावी लागते, आणि ती शिकवता येते.

पहिली पायरी: न बघता रेखाटन. खोडरबर गोळा करून घ्या. एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला भोक पाडून पेन्सिल त्यातून घाला, म्हणजे पुठ्ठा हात आणि कागद झाकतो. समोर स्वतःचा डावा हात, डावरं मूल असेल तर उजवा. डोळा हाताच्या कडेवरून मुंगीच्या वेगानं सरकवायचा आणि पेन्सिल त्याच वेगानं. ६ मिनिटं, पूर्ण शांतता, कागदाकडे पाहायचं नाही. चित्र वेडंवाकडंच येतं आणि सगळ्यांचंच येतं, त्यामुळे लाज वाटत नाही. मग विचारा की तुमच्या रेघेतली सर्वांत खरी जागा कोणती. एखाद्या सांध्यावरची सुरकुती इतकी अचूक आलेली असते की मूल स्वतःच चकित होतं. हे आठवड्यातून एकदा, सलग दोन महिने.

दुसरी पायरी: कपाचं तोंड. मुलं कपाचं तोंड पूर्ण गोल आणि बूड सपाट रेघेनं काढतात. तोंड गोल आहे हे त्यांना माहीत असतं आणि कप टेबलावर सपाट बसतो हेही. काचेचा सरळ ग्लास अर्धा पाण्यानं भरा. प्रत्येक मुलानं तो हातात धरून डोळ्यांच्या रेषेत आणायचा: तोंड एक सरळ रेघ दिसतं. मग हळूहळू खाली न्यायचा: रेघ उघडते, चपटी होते, गोल होत जाते. आता बूड पाहा. ते तोंडापेक्षा जास्त गोल दिसतं, कारण ते डोळ्यापासून आणखी खाली आहे. पाण्याची पातळी या दोघांच्या मध्ये. ही एक गोष्ट समजली की वस्तुचित्रातली भांडी टेबलावर बसू लागतात. मी फळ्यावर आकृती काढून हे वर्षानुवर्षं शिकवलं आणि कुणालाही कळलं नाही. ग्लास हातात दिल्यावर एका तासात कळलं.

तिसरी पायरी: रिकाम्या जागा. खुर्ची टेबलावर ठेवा आणि खुर्ची काढू नका असं सांगा. पायांमधल्या, दांड्यांमधल्या पोकळ्यांचे आकार काढायचे आणि काळ्या रंगानं भरायचे. खुर्ची आपोआप उरते. खुर्ची कशी असते याची डोक्यातली खूण इथे कामाला येत नाही, म्हणून डोळ्याला काम करावं लागतं.

चौथी पायरी: मोजणं. हात कोपरात न वाकवता पेन्सिल धरायची, एक डोळा मिटायचा, अंगठा पेन्सिलीवर सरकवून माप घ्यायचं. रुंदी उंचीत किती वेळा बसते ते आधी लिहायचं, मग रेघ. बहुतेकांचा हात नकळत वाकतो आणि माप बदलतं, म्हणून जोडीदाराला कोपराकडे लक्ष ठेवायला सांगा.

छायाप्रकाश यानंतर, आणि तोही बोटानं घासून नाही. पांढऱ्या वस्तू, एकाच बाजूनं उजेड, कोळसा आणि खोडरबर. आधी कागद कोळशानं करडा करायचा, मग उजेड खोडरबरानं काढायचा, शेवटी गडद जागा. खोडरबर इथे चूक पुसायला नसतो, तो उजेड काढायचं हत्यार होतो, आणि या वयाच्या मुलांना ते फार आवडतं.

१४ ते १६ वर्षं: एकाच ठोकळ्यातून तीन रंग

मोठ्यांना आता मोठं काम हवं असतं, ज्यात आधी विचार करावा लागतो. लिनोकटसारखं, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून त्यावरून चित्र छापण्यासारखं, दुसरं काही नाही. पाब्लो पिकासोनं १९५० च्या दशकाच्या अखेरीस एकाच लिनोच्या तुकड्यातून रंगामागून रंग छापून, दर वेळी तोच तुकडा आणखी कोरत नेण्याची पद्धत वापरली. वर्गासाठी तिचा क्रम असा:

१. चित्र तीन छटांत बसवा: फिकट, मधली, गडद. कागदाचा पांढरा ही चौथी.

२. लिनोवर उलटं उतरवा. अक्षरं असतील तर आरशात वाचून तपासा.

३. पांढरं राहायचं तेवढंच कोरा. हत्यार नेहमी अंगापासून दूर, दुसरा हात नेहमी धारेच्या मागे. लिनो कडक असेल तर थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ पडतो.

४. पुठ्ठ्यावर कागदाची आणि लिनोची जागा कोपरे चिकटवून पक्की करा. एकावर एक छापलेले रंग जुळतात ते इथेच.

५. फिकट रंग सगळ्या कागदांवर छापा. १० हवे असतील तर १५ छापा, कारण मागे जाता येत नाही. ठोकळा कोरला जाणार आहे.

६. लिनो धुवा, फिकट राहायचं ते कोरा, मधला रंग छापा. मग पुन्हा कोरा आणि गडद.

याला चार ते सहा जोडतास लागतात. तिसऱ्या रंगाला चित्र एकदम उभं राहतं आणि त्या क्षणी वर्गात जी शांतता होते ती मला दर वर्षी हवी असते.

स्वतःचा विषय निवडा असं नुसतं सांगितलं तर हे वय गोठतं. त्यांना बंधन द्या: दोन महिने एकच विषय, आठवड्याला वहीत तीन रेखाटनं, प्रत्येक वेळी वेगळं साहित्य. वहीला गुण देऊ नका. पानं फाडायची नाहीत एवढाच नियम.

वेगवेगळी वयं एकाच खोलीत असतील तर

विषय एक, बंधन वेगळं. समोर एक खुर्ची. ६ वर्षांचं मूल त्या खुर्चीवर कोण बसतं ते रंगवेल. ९ वर्षांचं रंगीत कागद कापून तिचे भाग जोडेल. फ्रेंच चित्रकार आंरी मातिसनं १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर आजारी असताना रंगवलेले कागद कात्रीनं कापूनच मोठाली चित्रं केली, हे सांगितलं की मोठी मुलंही कात्री मागतात. १२ वर्षांचं रिकाम्या जागा काढेल, १५ वर्षांचं तिचा ठोकळा कोरेल. मोठ्यांना लहानांची मदत करायला लावत असाल तर हात न लावण्याचा नियम त्यांनाही सांगा. ते आपल्यापेक्षा लवकर हात लावतात.

काय बोलायचं

लहानांना 'हे काय आहे?' विचारू नका. त्याला ते स्पष्ट दिसत असतं. 'मला याबद्दल सांग' म्हणा, किंवा जे दिसतं ते सांगा: 'इथे तू ब्रश दाबून फिरवलास, इथे हलका.' मधल्या वयाला नेमकी जागा दाखवा: ही कड खरी आली आहे, या कडेकडे तू पाहिलेलं नाहीस. मोठ्यांच्या कामासमोर तिघं उभे राहतात आणि एकेक वाक्य बोलतात: नजर आधी कुठे गेली, कुठे अडखळली, पुढे काय करून पाहशील. 'आवडलं' हा शब्द तेवढा वेळ बंद.

गुण द्यावेच लागत असतील तर शेवटच्या चित्राला कमी आणि प्रयोगांना, वहीला, हत्यारं नीट वापरण्याला जास्त द्या.

वर्षातली तीन-चार कामं मुलांनीच निवडून ठेवावीत, त्यातलं एक न जमलेलं. मागच्या बाजूला नाव, वय आणि तारीख पेन्सिलीनं लिहायची, काम सुरू करण्याआधी. स्केचपेननं लिहिलं तर शाई पुढच्या बाजूला उमटते, आणि काम झाल्यावर लिहायला सांगितलं तर निम्मी चित्रं निनावी राहतात.